फ्लेक्सवरची टीम इंडिया: एका मंडळाच्या प्रदर्शनाचं प्रकरण

नावं कुणाचीच लिहीत नाही, मंडळाचंही नाही. कोल्हापुरात फुटबॉलच्या गोष्टीत मंडळाचं नाव आलं की पुढची चर्चा फुटबॉलची राहत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. तर एक पेठ, एक मंडळ, २०२४ चा गणेशोत्सव, आणि मी त्यात अडकलेला, कारण काय तर मी "फुटबॉलचं वाचतो".

पार्श्वभूमी

दरवर्षी देखाव्यावर पैसा जायचा. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की देखावा साधा करायचा आणि मंडपाकडं येणाऱ्या बोळात दोन्ही बाजूंनी फ्लेक्स लावून भारतीय फुटबॉल टीमचा इतिहास दाखवायचा. नऊ फ्लेक्स. आठ इतिहासाचे आणि नववा आत्ताच्या टीमचा. कल्पना सेक्रेटरीची, तो स्वतः हाफबॅक खेळायचा, गुडघा गेल्यावर थांबला. त्याचं म्हणणं असं की आपली पोरं मेस्सीची जर्सी घालून फिरत्यात पण जर्नेल सिंग कोण म्हटलं तर गूगल करत्यात.

मुद्दा बरोबर होता. आपल्याकडं बहुतेकांना भारताच्या टीमबद्दल दोनच गोष्टी माहिती असतात, एक सुनील छेत्री आणि दुसरी ती अनवाणी खेळायची गोष्ट. मधली पन्नासेक वर्षं गायब. १९५१ ला दिल्लीत पहिल्या एशियन गेम्सला फायनलमध्ये इराणला १-० हरवून गोल्ड, गोल मेवालालचा. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर, तिथं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक मारली, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई तो, आणि खेळायचा आपल्या मुंबईत, टाटाकडनं. १९६० ला रोममध्ये फ्रान्सला १-१ रोखलं. १९६२ ला जकार्तात परत गोल्ड. १९६४ च्या एशियन कपमध्ये रनरअप. १९७० ला बँकॉकमध्ये ब्राँझ, आणि त्यानंतर एशियन गेम्समध्ये फुटबॉलचं मेडल नाहीच. इतका सगळा माल हातात होता. मजकूर मी लिहायचा, डिझाइन एका पोरानं करायचं, तपासायचं काम मात्र कुणालाच दिलं नाही. ते नंतर कळलं.

अडचण कुठं आली

तीन ठिकाणी आली, पण तिन्ही सारख्या नव्हत्या.

पहिली, १९५० चा वर्ल्डकप. आमच्या पेठेत एक जुने खेळाडू आहेत, आपण आण्णा म्हणूया. त्यांचा शब्द मंडळात शेवटचा. गेली चाळीस वर्षं ते पोरांना सांगत आलेत की भारत वर्ल्डकपला क्वालिफाय झाला होता पण आपली पोरं अनवाणी खेळायची म्हणून फिफानं बंदी घातली आणि आपण गेलो नाही. त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो हे मी पण कबूल करतो. मी लहानपणी तीच गोष्ट ऐकून खेळायला लागलो. आता फ्लेक्सवर ती लिहायची का?

दुसरी अडचण १९६२ च्या टीमच्या फ्लेक्सची, ती छापून लावल्यावर कळली आणि चूक पूर्ण माझी होती.

तिसरी, आत्ताची टीम. म्हणजे नक्की कुणाची नावं लिहायची? इतिहासाचं बरं असतं, तो हलत नाही.

१९५० चा निर्णय

यावर तीन रात्री गेल्या, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त शिकलो ते पण इथंच.

आधी काय खात्रीचं आहे ते बघितलं. क्वालिफाय झालो हे खरं, पण एकही मॅच न खेळता, कारण आपल्या ग्रुपमधल्या बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स तिघांनी माघार घेतली. ब्राझीलमध्ये आपला ग्रुप पण ठरलेला, स्वीडन, इटली, पॅराग्वे. आणि मग आपणच गेलो नाही. फेडरेशननं त्यावेळी दिलेलं कारण होतं टीम निवडीवरचे मतभेद आणि सरावाला कमी वेळ. कॅप्टन शैलेन मन्ना यांनी नंतरच्या काळात सांगितलं की तेव्हा आपल्याकडं वर्ल्डकपचं फार काही वाटायचंच नाही, ऑलिंपिक म्हणजे सगळं. बुटांची बंदी हे कारण फेडरेशनच्या त्यावेळच्या म्हणण्यात नाही.

आता पर्याय बघा. एक, आण्णांची गोष्ट आहे तशी छापायची, लोक खूश, आण्णा खूश. दोन, मोठ्या अक्षरात "ही अफवा आहे" असं लिहायचं. डिझाइन करणाऱ्या पोराला हाच हवा होता, त्याला लाल शिक्का मारायचा होता वर. तीन, १९५० गाळूनच टाकायचं, ५१ पासून सुरू करायचं. सेक्रेटरी तिसऱ्याकडं झुकला होता कारण त्याला उत्सवात भांडण नको होतं.

मला तिन्ही पटत नव्हते. पहिला खोटा, तिसरा पळपुटा, आणि दुसरा म्हणजे ऐंशीच्या घरातल्या माणसाला भर मंडपात तोंडघशी पाडणं. शिवाय अनवाणी खेळणं ही काय अफवा नव्हती, ते खरंच होतं! १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक खेळाडू बुटाशिवायच खेळले, कॅप्टन तालिमेरेन आओ, नागा माणूस आणि मेडिकलचा विद्यार्थी. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी हुकल्या, रामननं एक गोल मारून बरोबरी केली आणि अगदी शेवटी गोल खाऊन २-१ हरलो. त्या दोन पेनल्टीतली एक बसली असती तर, असं आमच्यात अजून कुणीतरी म्हणतंच.

मग डोक्यात आलं की भांडण १९५० वर करायचंच नाही. १९५२ दाखवायचं. हेलसिंकी ऑलिंपिक, थंडी, ओलं मैदान, युगोस्लाव्हियाविरुद्ध १०-१ नं हरलो. आणि त्या मॅचला पण आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. १०-१ झाल्यावर आपल्याच फेडरेशननं बूट सक्तीचे केले. आता कुणीही सांगावं, फिफानं १९५० ला आपल्याला बुटावरून घरी बसवलं असेल तर दोन वर्षांनी त्याच टीमला अनवाणी कसं खेळू दिलं? असा प्रश्न बघणाऱ्याला स्वतःला पडला पाहिजे, आपण बोट दाखवायचं नाही.

म्हणून एकाच फ्लेक्सवर तीन खाने केले, १९४८, १९५०, १९५२. प्रत्येकात काय झालं तेवढंच. १९५० च्या खान्यात फेडरेशनचं कारण आणि मन्नांचं म्हणणं, आणि खाली एक ओळ, "अनवाणी खेळण्यामुळे बंदी आली ही गोष्ट आपण सगळेच ऐकत आलो." खोटी म्हटलं नाही, खरी म्हटलं नाही.

आणि एक गोष्ट केली जी खरं तर सगळ्याच फ्लेक्सची करायला हवी होती. छापायच्या आधी प्रिंट घेऊन आण्णांच्या घरी गेलो. "आण्णा, तुमी जरा बघा की, चुकलं असलं तर सांगा." त्यांनी चष्मा लावून वाचलं. १९५२ वर थांबले. परत १९५० वर आले. मग म्हणाले, "हेलसिंकीला पण अनवाणीच होती व्हय रं पोरं?" मी म्हटलं, "होय आण्णा, बरीचशी." बराच वेळ काय बोलले नाहीत. मग म्हणाले, "छाप." एवढंच. चहा आला, विषय शाहू स्टेडियमवरच्या कुठल्यातरी जुन्या मॅचकडं गेला आणि आम्ही तासभर बसलो.

ही मला तेव्हा मोठी जीत वाटली आणि त्या खुशीत बाकीचे फ्लेक्स कुणालाच न दाखवता छापायला टाकले.

१९६२ चा घोळ

हा फ्लेक्स सगळ्यात मोठा होता, मधोमध. मैदानाचं हिरवं चित्र आणि त्यावर अकरा जण आपापल्या जागेवर. जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२, फायनल, भारत २ दक्षिण कोरिया १. कोच सय्यद अब्दुल रहीम, मूळ हैदराबादचे शाळामास्तर. त्याच स्पर्धेत पहिल्या मॅचला याच कोरियाकडून आपण ०-२ हरलो होतो, मग थायलंडला ४-१, जपानला २-०, सेमीत दक्षिण व्हिएतनामला ३-२. फायनलला स्टेडियममध्ये लाखभर लोक आणि जवळजवळ सगळे आपल्या विरोधात, कारण इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक कमिटीतले आपले सदस्य सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. आपल्या बाजूनं ओरडणाऱ्यांत पाकिस्तानची हॉकी टीम होती, हे वाचून बोळात प्रत्येक जण एकदा तरी थांबायचा.

अकरा जण असे. गोलात थंगराज. मग चंद्रशेखर, अरुण घोष, त्रिलोक सिंग. प्रशांत सिन्हा आणि फोर्तुनातो फ्रँको, हा पण मुंबईत टाटाकडं खेळलेला. पुढं पीके बॅनर्जी, युसूफ खान, कॅप्टन चुनी गोस्वामी, बलराम. आणि जर्नेल सिंग.

जर्नेल म्हणजे डिफेंडर, त्या काळात आशियातल्या सगळ्यात चांगल्या स्टॉपरपैकी एक, हे मला पाठ. मी डोळे झाकून त्याला मागं उभा केला. मागं चार, मधे दोन, पुढं चार. चित्र इतकं सुबक दिसत होतं की शंका यायला जागाच नव्हती. खाली लिहिलेलं, गोल: पीके १७वं मिनिट, जर्नेल २०वं मिनिट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णा काठी टेकत आले. १९५२ चा फ्लेक्स बघून मान हलवली आणि पुढं जाऊन मधल्या मोठ्या फ्लेक्ससमोर उभे राहिले. पाच मिनिटं. मग मला हाक मारली.

"जर्नेल मागं हाय."

"होय आण्णा, डिफेंडर न्हवं का."

"मग गोल काय तिथनं मारला?"

माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या क्षणी सगळं आठवलं. वाचलेलं होतं हो मी! थायलंडच्या मॅचला जर्नेलचं डोकं फुटलं, टाके पडले, जपानविरुद्ध तो बाहेर. सेमीला रहीमसाहेबांनी त्याला खेळवला पण डोक्याच्या जखमेमुळं मागं न ठेवता सेंटर फॉरवर्डला टाकला. तिथं त्यानं गोल मारला. म्हणून फायनललाही पुढंच. थंगराज तापातून उठलेला, आधी प्रद्युत बर्मन गोलात होता, फायनलला परत थंगराज. म्हणजे फायनलच्या अकरामध्ये रहीमसाहेबांचे दोन मोठे जुगार होते आणि माझ्या चित्रानं त्यातला मोठा जुगार पुसून टाकला होता. आणि चूक पकडायला लागणारी माहिती त्याच फ्लेक्सवर तळाला छापलेली. दोनशे लोकांनी तरी बघितला असेल तोवर, कुणाच्या लक्षात नाही.

आता काय करायचं. नवीन फ्लेक्स छापायचा तर वर्गणीतले पैसे संपलेले, आणि उत्सवात प्रिंटिंगवाल्याकडं रांग. काढून ठेवायचा तर बोळाच्या मधोमध भोक. तसाच ठेवायचा, हा पर्याय पण एकानं मांडला, "कुणाला कळतंय" म्हणून. आण्णा तिथंच उभे होते, त्यांनी त्याच्याकडं बघितलं फक्त.

शेवटी सेक्रेटरीच्या पुतणीनं सुचवलं, सातवी-आठवीतली पोरगी. जर्नेलच्या जागेवर पांढऱ्या टेपची फुली मारा, तिथनं पुढं बाण काढा, आणि बाणाच्या टोकाला नवीन गोल कागद चिकटवून त्यावर जर्नेल लिहा, डोक्याला पट्टी काढून. अर्ध्या तासात झालं. बाणाच्या बाजूला मी मार्करनं दोन ओळी लिहिल्या, डोक्याला टाके, रहीमसाहेबांनी पुढं पाठवला, २०व्या मिनिटाला गोल.

आणि गंमत अशी की त्यानंतर लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच फ्लेक्ससमोर थांबायला लागले. बाण दिसला की माणूस विचारतोच, हे काय आहे. आण्णा खुर्ची टाकून शेजारी बसायला लागले आणि सांगायला लागले. रहीमसाहेबांना कॅन्सर होता, पुढच्याच वर्षी, १९६३ ला ते गेले, हे सांगताना आवाज बसायचा त्यांचा. अनवाणीची गोष्ट त्यांनी त्या अकरा दिवसांत एकदाही सांगितलेली मी ऐकली नाही. नवीन गोष्ट मिळाली होती ना.

नववा फ्लेक्स

आत्ताच्या टीमचं मी थोडक्यात सांगतो कारण यात कौतुक करण्यासारखं काही नाही. छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० खेळून निवृत्त झालेला, १५१ मॅच आणि ९४ गोल. पाच दिवसांनी कतारकडून हरून वर्ल्डकप क्वालिफायरमधून बाहेर. कोच स्टिमाच गेले, मनोलो मार्केझ आले. म्हणजे टीम मधल्यामधे लोंबकळत होती आणि आम्ही तिला फ्लेक्सवर पक्कं करायला निघालो होतो.

दोन पर्याय होते. नवीन कोचनं हैदराबादच्या इंटरकॉन्टिनेंटल कपसाठी निवडलेली यादी छापायची, किंवा नावं न छापता टीम कशी निवडली जाते ते सांगायचं. दुसरं जास्त उपयोगाचं होतं असं मला आज वाटतं. उदाहरणार्थ, भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला घेता येत नाही, जपानी नागरिक असलेल्या अराता इझुमीनं २०१२ ला भारतीय नागरिकत्व घेतलं तेव्हाच तो पुढं भारताकडून खेळू शकला, हे बहुतेकांना माहिती नसतं. पण पोरांना फोटो हवे होते. गुरप्रीत, छांगटे, फोटो टाकले.

मधे छेत्रीचा मोठा फोटो आणि खाली जाड अक्षरात "९४ गोल. निवृत्त."

आणि एक वाद अनिकेत जाधववरून झाला, आपल्या कोल्हापूरचा, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला. काही जण म्हणाले आत्ताच्या टीमच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो मधोमध पाहिजे. मी म्हटलं त्या यादीत तो नाही, पण २०१७ साठी वेगळी पट्टी करू, अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४, जॅक्सन सिंगचा तो एकमेव गोल, आणि अनिकेतचा फोटो तिथं. हे सगळ्यांना पटलं. प्रदर्शनात सेल्फी सगळ्यात जास्त त्या पट्टीसमोर काढल्या गेल्या, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

९ सप्टेंबरला, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, हैदराबादमध्ये भारत सीरियाकडून ०-३ हरला. रहीमसाहेबांच्या गावात. त्या रात्री नवव्या फ्लेक्ससमोर कुणी थांबत नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

तपासणी एकाच फ्लेक्सची केली, कारण त्यात भांडणाची भीती होती. बाकीच्यांची केली नाही कारण तिथं मला खात्री होती. चूक बरोबर तिथंच सापडली. आण्णांकडं एका कागदाऐवजी नऊ कागद घेऊन गेलो असतो तर एक चहा जास्त झाला असता, बस.

टीमचं चित्र काढताना मी खेळाडूची नेहमीची जागा लिहिली, त्या मॅचमधली नाही. जुन्या टीमच्या याद्या मिळतात त्या नुसत्या नावांच्या, जागा आपण मनानं भरतो. आता मी कुठलीही जुनी इलेव्हन लिहिताना आधी गोल कुणी मारले आणि कुठल्या मिनिटाला ते बघतो, मग माणसं उभी करतो.

आत्ताच्या टीमला फ्लेक्स नकोच होता, पुठ्ठ्याचे खण करून त्यात नावांच्या चिठ्ठ्या घालता आल्या असत्या, कॅम्पची यादी बदलली की चिठ्ठी बदल.

आणि मुलींची टीम. नऊ फ्लेक्समध्ये एक ओळ पण नाही. १९८३ च्या महिला एशियन कपमध्ये भारत रनरअप होता, त्याच्या आधीही अजून एकदा, हे मला तेव्हा माहितीच नव्हतं. बाण सुचवणाऱ्या त्याच पोरीनं शेवटच्या दिवशी विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून भारताच्या मुली २०२६ च्या एशियन कपला क्वालिफाय झाल्या, तेव्हा तिनं मला बातमीची लिंक पाठवली, खाली काही लिहिलं नव्हतं.

निकाल

विसर्जनानंतर सात फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर गेले. १९६२ चा आण्णांनी मागून घेतला, टेपच्या बाणासकट, त्यांच्या सोप्यात लावलाय. नववा तालमीतच भिंतीला टेकून राहिला, कुणी उचललाच नाही.

मग २०२५ च्या मार्चमध्ये छेत्री परत आला. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० जिंकलो आणि त्यात एक गोल त्याचा, हेडर. दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो तर फ्लेक्सवर मार्करनं "निवृत्त" वर काट मारलेली आणि ९४ चा ९५ केलेला. कुणी केलं विचारलं तर सगळे आण्णांकडं बघायला लागले, आणि आण्णा बुटाची लेस बांधणाऱ्या एका पोराला शिव्या घालण्यात गुंतलेले.